शेरा

वजनमाप कार्यालय, निपाणी. जिन्याखालची खोली.
सोळा रजिस्टरं, एक स्कॅनर,
आणि मी, कंत्राटावरची, पानामागं अडीच रुपये.
बेंगळूरहून आलेली वीणा गाणिगेर म्हणाली,
जुना सर्व्हर एकतीस तारखेला बंद,
त्याच्या आत सगळं नव्यात ओतायचं.
ओतायचं हा माझा शब्द. तिचा शब्द लांब होता.

पहिली रजिस्टरं मराठीत, मधली कन्नडमध्ये,
शेवटची दोन्हींत, एकाच ओळीत,
आम्ही चहाच्या गाड्यावर बोलतो तशी.
मालकाचं नाव देवनागरी, आकडे कन्नड,
सही इंग्रजी,
कारण सहीला भाषा नसते, ऐट असते.

नव्या पडद्यावर चौदा रकाने.
मालक, धंदा, काट्याची जात, क्षमता,
शिक्का, तिमाहीचं अक्षर, फी…
पंधरावा नाही.
जुन्या पानावर तो होता, उजव्या कडेला,
सगळ्यांत रुंद. शेरा.

तिथं इन्स्पेक्टर हलगेकर लिहून गेलेत:
"तारळे, तंबाखू वखार. ओल धरली की काटा जड होतो. श्रावणात पुन्हा बघणे."
"चौगुले, किराणा. वजनाच्या बुडाचं शिसं उकरलेलं. दंड.
गल्ल्यावर पोरगा होता, रडला."
"शांतव्वा, भाजी, अकोळ नाका. पाव किलोचं वजन हरवलं,
दगड वापरते. दगड तोलला. बरोबर आहे."

हे कुठं भरू?
वीणानं यादी उघडून दाखवली:
योग्य. अयोग्य. इतर.
शांतव्वाचा दगड मी इतरमध्ये टाकला
आणि पान उलटलं. अडीच रुपये.

तिसऱ्या आठवड्यात प्रणाली अडली.
त्याआधी दोन हजार ओळी तिनं निमूट गिळल्या होत्या.
आता एकच ओळ, तांबडी.
बावीस मार्च सत्याऐंशी.
कोगनोळी सदतीस काटे, गळतगा एकोणतीस, बोरगाव एक्केचाळीस.
अधिकारी एकच.
दिवस एकच. शिवाय रविवार.

जुन्या रजिस्टरात तीन गावं तीन पानांवर होती,
आणि पानं एकमेकांशी बोलत नाहीत.
चाळीस वर्षं गप्प बसलेल्यांना
यंत्रानं शेजारी बसवलं, एवढंच.

मार्चअखेर. वसुलीचं उद्दिष्ट. कळतं मला.
टेबलावर बसून शिक्के मारले असतील,
पंखा फिरत असेल, कुणी भजी आणली असतील.
पण शाई तीच, वळण तेच,
र ची शेपूट तशीच लांब.
मग दगड?
तो तरी तोलला होता का?

दुपारी अकोळ नाक्यावर गेले.
शांतव्वा नाही. तिच्या सुनेकडं डिजिटल काटा,
हिरवे आकडे, यंदाचा शिक्का.
दगड होता. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर,
वाऱ्याला दाबून.
"कशाला पायजे?" तिनं विचारलं.
मला नीट सांगता आलं नाही.
तिनं कोथिंबिरीच्या जुडीसारखा तो हातात दिला.

ऑफिसात काचेच्या पेटीतला काटा आहे,
ज्यावर वजनांचीच वजनं होतात.
दार लावून, पंखा बंद करून ठेवला.
दोनशे अठ्ठेचाळीस.

दोन ग्रॅम.
दगडानं हातांना दिले असतील,
किंवा हलगेकरांनी शांतव्वाला.
काट्याला एवढंच माहीत, तो खोटंही बोलत नाही
आणि पुढंही काही बोलत नाही.

वीणा म्हणाली, रकाना वाढवायचा तर वर पत्र लिही,
सहा महिने लागतील. मग हळूच म्हणाली, साकू, आता झोप.
तांबडी ओळ तिनं पिवळी केली.
पिवळी म्हणजे: माणसानं पाहिली आहे.

एकतीसला सर्व्हरचा आवाज थांबला,
तेव्हा कळलं की तो इतके दिवस आवाज करत होता.
रजिस्टरं बेळगावच्या गोदामात जाणार होती.
सुतळी बांधायच्या आधी ते पान काढलं,
पेन्सिलीनं, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
"दगड पुन्हा तोलला. दोन ग्रॅम कमी. रविवारचं माहीत नाही."

त्या पानाचे अडीच रुपये
बिलात लावले नाहीत.